क्लास न लावता इंग्रजी सुधारेल?

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिक्षण मराठी माध्यमातून झाले. लातूरला राहून क्लास लावणे परवडत नाही. घरच्या घरी इंग्रजी सुधारेल का? – एक वाचक, निलंगा

उत्तर : सुधारेल; फक्त व्याकरणाचे पुस्तक तूर्त बाजूला ठेवा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, म्हणजे नियम तुम्ही पुरेसे घोकलेत. कमी पडले ते वाचन. १९८०च्या सुमारास एली आणि मंगुभाई या संशोधकांनी फिजीतल्या खेड्यांतील शाळांना इंग्रजी गोष्टींची भरपूर पुस्तके पुरवली, तेव्हा त्या मुलांची वाचनातली प्रगती नेहमीच्या जवळपास दुप्पट वेगाने झाली. ‘ती लहान मुले होती,’ असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, पण मोठ्यांची अडचण वयाची कमी आणि बालपुस्तक हातात धरण्याच्या लाजेची जास्त असते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर बऱ्याच गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत फुकट मिळतात. पानावर दोन-तीनच शब्द अडतील अशी गोष्ट निवडा. नुसते वाचून बोलता येत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून गोष्ट बाजूला ठेवून ती आपल्या शब्दांत मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि आठवड्यातून एकदा वर्गमित्राला समोर बसवून सांगा. त्याचे इंग्रजी तुमच्याइतकेच कच्चे असले तरी चालेल.