कोंबडीच्या तळपायाचे गळू : घरच्या घरी उपचार

वऱ्हाडात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल व बाभळीचे काटे यांमुळे परसातील कोंबडीच्या तळपायास जखम होते. जखमेतून ‘स्टॅफिलोकोकस’ जंतू शिरतात. तळवा सुजतो, त्यावर काळी खपली धरते व कोंबडी लंगडते.

प्रारंभीच पाय मिठाच्या कोमट पाण्यात 10 मिनिटे बुडवावा, पुसून कोरडा करावा आणि पोव्हिडोन आयोडीन लावून स्वच्छ पट्टी बांधावी. पट्टी रोज बदलावी. कोंबडीस कोरड्या भुशावर ठेवावे. बसण्याची दांडी ठेंगणी व गुळगुळीत असावी.

गाठ घरी कापू नये. माणसांची प्रतिजैविके देऊ नयेत; त्यांचा अंश अंड्यांत उतरतो. सूज न ओसरल्यास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. उपचारानंतर हात साबणाने धुवावेत. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी.