ऊर्ध्वपातन : तत्त्व, उपयोग आणि शेतकऱ्याचा हिशेब

गळालेल्या मोसंबीचें काय करावें, आणि बांधावरच्या सुगंधी गवताचें तेल काढण्यासाठीं भट्टी घालावी काय, असे दोन प्रश्न आमच्या सभासदांकडून वारंवार विचारले जातात. जालना जिल्ह्यांत मोसंबीची बाग म्हणजे घरचें भांडवल. आंबिया बहाराचीं फळें तोडणीआधींच गळूं लागलीं म्हणजे बागाइतदाराचा जीव कासावीस होतो, आणि त्यांतून निदान कांहीं तेल किंवा स्पिरिट निघाल्यास बरें, असें त्यास वाटणें स्वाभाविक आहे. ह्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच क्रियेच्या ज्ञानावर अवलंबून आहे. ती क्रिया म्हणजे ऊर्ध्वपातन. तिचें तत्त्व समजून घेतल्यावांचून यंत्र विकत घेणें म्हणजे विहिरीचें पाणी न पाहतां मोट बांधणें होय. म्हणून प्रथम तत्त्व सांगून मग उपयोगाकडे वळतों.

मूळ तत्त्व

भात शिजत असतां पातेल्यावरील झांकण उचलून पाहावें. त्याच्या आंतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमलेले दिसतात. पातेल्यांत मीठ असलें तरी ह्या थेंबांस खारट चव नसते. कारण उष्णतेनें पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाहीं. वाफ थंड झांकणास लागली कीं तिचें पुन्हां पाणी होतें. ऊर्ध्वपातन म्हणतात तें एवढेंच : तापवून वाफ करणें, ती वाफ दुसरीकडे नेणें आणि तेथें थंड करून पुन्हां द्रव मिळविणें. म्हणून प्रत्येक भट्टीचीं तीन अंगें असतात. एक तापविण्याचें भांडें, दुसरा वाफ वाहून नेणारा नळा, आणि तिसरें वाफ निवविण्याचें साधन. कनोजचे अत्तरवाले पहिल्यास देग व तिसऱ्यास भपका म्हणतात. बॅटरींत घालावयाचें शुद्ध पाणी ह्याच क्रियेनें तयार करतां येतें.

दोन द्रव एकत्र असतां

मीठ आणि पाणी वेगळें करणें सोपें, कारण त्यांपैकीं एकाचीच वाफ होते. परंतु मद्यार्क आणि पाणी ह्यांच्या मिश्रणांत दोघांचीही वाफ होते. पाणी समुद्रसपाटीस १०० अंश सेंटिग्रेडला उकळतें. आपला जिल्हा सुमारें ५०० मीटर उंचीवर असल्यामुळें येथें तें ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. शुद्ध मद्यार्क ७८ अंशांस उकळतो. ह्यावरून ७८ अंशांस सर्व मद्यार्क निघून जाईल व खालीं निव्वळ पाणी उरेल, असा समज होतो. तो चुकीचा आहे. मिश्रण उकळूं लागलें म्हणजे वाफेंत दोन्ही पदार्थ असतात; मात्र जो अधिक लवकर उडणारा, त्याचें प्रमाण वाफेंत अधिक असतें. शंभर भार आंबवणांत दहा भार मद्यार्क असेल, तर पहिल्या वाफेंत त्याचें प्रमाण निम्म्याच्या आसपास जातें. ती वाफ थंड करून पुन्हां उकळली कीं प्रमाण आणखी वाढतें. प्रत्येक खेपेस चाळणी अधिक बारीक होते, असें म्हणावें.

कारखान्यांतील उंच मनोरा हें काम एका दमांत करतो. त्यांत एकावर एक ताटें असतात. वर जाणारी वाफ प्रत्येक ताटावरील द्रवांतून जाते, कांहीं निवते, कांहीं नव्यानें उठते. अशा रीतीनें एकाच मनोऱ्यांत अनेक ऊर्ध्वपातनें घडतात. तथापि ह्यासही मर्यादा आहे. वजनानें शेकडा ९५·६ भाग मद्यार्क झाला म्हणजे वाफ आणि द्रव ह्यांची घडण सारखीच होते, आणि साध्या ऊर्ध्वपातनानें उरलेलें पाणी कितीही खटपट केली तरी निघत नाहीं. पेट्रोलमध्यें मिसळण्याचें इथेनॉल करतांना तें पाणी विशिष्ट दाणेदार शोषकांतून वाफ सोडून काढावें लागतें.

हा विषय शेतकऱ्यापासून दूरचा नाहीं. २०२५ सालीं आपल्या देशांत पेट्रोलमध्यें शेकडा २० भाग इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गाठलें गेलें, आणि त्याचा माल शेतांतूनच येतो. सर्वसाधारण हिशेबानें एक टन उसाच्या रसापासून सुमारें ७० लिटर, शेवटच्या मळीच्या एका टनापासून सुमारें २२५ लिटर, आणि एक टन मक्यापासून सुमारें ३८० लिटर इथेनॉल मिळतें. अंबड तालुक्यांतील ऊस आणि भोकरदन-जाफराबादकडील मका ह्या दोन्ही पिकांच्या भावाशीं ह्या मनोऱ्यांचा संबंध कसा पोहोंचतो, हें ह्यावरून ध्यानीं येईल. ट्रॅक्टरच्या टांकींतील डिझेल हेंही कच्च्या खनिज तेलाचें असेंच भाग पाडून मिळविलेलें असतें. मुंबईस तुर्भें येथें असे शुद्धीकरण कारखाने १९५४-५५ सालापासून सुरू झाले.

वाफेच्या साहाय्यानें तेल काढणें

आतां गवताकडे वळूं. रोशा गवताच्या तेलांतील मुख्य सुगंधी द्रव्य एकटें तापविलें तर २३० अंशांच्या सुमारास उकळतें. इतक्या उष्णतेस गवत जळून जाईल. परंतु तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहींत, आणि न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापविले असतां प्रत्येकाच्या वाफेचा दाब स्वतंत्रपणें उत्पन्न होतो. दोन्ही दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली कीं मिश्रण उकळूं लागतें. म्हणून पाण्याच्या वाफेबरोबर तेल १०० अंशांच्या आंतच वर येतें. थंड झाल्यावर पाणी खालीं व हलकें तेल वर तरंगतें, तें अलगद काढून घ्यावें.

ही विद्या महाराष्ट्रास नवी नव्हे. खानदेशांत एकोणिसाव्या शतकांत रोशाच्या तेलाच्या भट्ट्या चालत. तें तेल मुंबईहून परदेशीं जाई आणि तुर्कस्थानांत गुलाबाच्या अत्तरांत भेसळीसाठींही वापरलें जाई. रोशाच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. मोतियाचें तेल उंची मानलें जातें, सोफियाचें हलकें. बियाणें घेतांना ही खात्री न केल्यास पुढील सर्व श्रम फुकट जातात, कारण भट्टी हलक्या तेलाचें उंची तेल करीत नाहीं. ती असलेलें वेगळें करते, नसलेलें निर्माण करीत नाहीं. तेल मुख्यत्वें फुलोऱ्यांत असतें, म्हणून कापणी फुलोरा आल्यावरच करावी. कापलेलें गवत सावलींत सुकवून मग भरावें. एक हजार किलो ताज्या गवतापासून साधारणतः चार ते सहा किलो तेल मिळतें. गवती चहाची पद्धत हीच. वाळ्याच्या मुळ्या मात्र पुष्कळ अधिक वेळ घेतात, आणि त्यांचें तेल जवळजवळ पाण्याइतकेंच जड असल्यामुळें तें वेगळें होण्यास त्रास पडतो.

पाण्याचा हिशेब

भट्टी विकणारा गृहस्थ तेलाचा भाव सांगतो, जळणाचा खर्चही सांगतो. निवविण्याच्या पाण्याविषयीं बहुधा बोलत नाहीं. आमच्या पाहण्यांत अशी एक भट्टी आली कीं जी माघांत उत्तम चालली आणि चैत्रांत बंद पडली; कारण विहीर आटली, वाफ निवेना, आणि तेलाचा वास शिवारभर पसरून तेल मात्र बाटलींत आलें नाहीं.

हिशेब असा आहे. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास एक माप उष्णता लागते असें धरलें, तर एक किलो वाफेचें पाणी होतांना सुमारें ५४० मापें उष्णता बाहेर पडते. तें पाणी हाताळण्याजोगें थंड करण्यास आणखी ६० मापें काढावीं लागतात. एकूण ६०० मापें झालीं. निवविण्याचें पाणी ३० अंश तापेपर्यंत वापरलें, तर एका लिटर अर्कामागें २० लिटर पाणी लागतें. एका खेपेंत २०० लिटर अर्क उतरला, तर ४,००० लिटर पाणी! २०१२-१३ च्या अवर्षणांत ज्या जिल्ह्यांत मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, तेथें हें पाणी एकदां वापरून ओघळींत सोडणें पाप आहे. म्हणून मोठा हौद बांधून तेंच पाणी फिरवावें, आणि भट्टी पाणी असलेल्या दिवसांतच चालवावी. तेल काढल्यावर उरलेलें सुगंधी पाणीही टाकूं नये. त्यांत थोडें तेल विरघळलेलें असतें, तें पुढील खेपेस भांड्यांत परत घालावें. तेल निघालेलें गवत वाळवून जळणास वापरावें.

मोसंबीविषयीं इशारा

गळालेल्या मोसंबीच्या सालींत तेल असतें खरें; परंतु लिंबूवर्गीय फळांचें उत्तम तेल साल दाबून थंडपणें काढतात, कारण उष्णतेनें त्याचा ताजा वास बिघडतो. वाफेनें काढलेल्या तेलास भाव कमी येतो. फळें आंबवून स्पिरिट काढण्याचा विचार तर कोणीही करूं नये. एक तर सालींतील तेल आंबविणाऱ्या किण्वास मारक आहे. दुसरें, सालींतील पेक्टिन आंबतांना मिथेनॉल उत्पन्न होतें, आणि तें विष आहे. मिथेनॉल सुमारें ६५ अंशांस उकळतें, तेव्हां पहिला अर्क फेकून दिला कीं काम झालें, असें कोणी सांगतात. वर सांगितलेलें तत्त्व आठवावें. साध्या भट्टींत वाफ नेहमींच मिश्र असते, म्हणून थोडें मिथेनॉल शेवटपर्यंत येत राहतें. आपल्या बोलींत ‘पहिल्या धारेची’ हा शब्द कौतुकाचा आहे; परंतु पहिल्या धारेंतच लवकर उडणारीं अनिष्ट द्रव्यें अधिक असतात. जून २०१५ मध्यें मुंबईंत मालवणी येथें मिथेनॉलमिश्रित दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. तें विष भट्टींतील नव्हे, बाहेरून मिसळलेलें होतें. तथापि डोळ्यांस, नाकास किंवा जिभेस मिथेनॉल ओळखतां येत नाहीं, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू आहे. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्याशिवाय मद्यार्क काढणें गुन्हा आहे, हेंही विसरूं नये. गळालेलीं फळें गोळा करून खड्ड्यांत पुरावीं किंवा त्यांचें खत करावें. बागेंत पडूं दिल्यास कीड व बुरशी वाढते. आणि गळ कां झाली, ह्याचें मूळ शोधण्यांत खरा लाभ आहे.

भट्टी घेण्यापूर्वीं

ज्यांस गवताचें तेल काढावयाचें आहे, त्यांनीं चार गोष्टींचें उत्तर आधीं कागदावर मांडावें. भट्टीस वर्षभर पुरेल इतकें क्षेत्र स्वतःचें किंवा शेजाऱ्यांचें मिळून आहे काय? बियाणें खात्रीच्या जातीचें आहे काय? निवविण्याचें पाणी कोठून येणार व किती वेळां फिरणार? आणि तेल घेणारा व्यापारी कोण, व तो तेलाची पारख कोठें करवितो? एकट्या शेतकऱ्यानें हा भार उचलण्यापेक्षां पांच-दहा जणांनीं मिळून एक भट्टी घालणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें. खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्र आणि बदनापूर येथील मोसंबी संशोधन केंद्र हीं आपल्याच जिल्ह्यांत आहेत; पैसे गुंतविण्यापूर्वीं तेथील जाणत्यांस एकदां भेटावें.

ऊर्ध्वपातनाचा गुण निवड करण्याचा आहे. हलकें कोणतें व जड कोणतें, हें तें मंद आंचेवर सावकाश वेगळें करून दाखवितें. आंच भडकली कीं सर्वच एकदम वर येतें आणि निवड राहत नाहीं. नव्या धंद्याच्या उत्साहासही हीच आंच लावून पाहावी, आणि हिशेबांत जें खालीं उरेल त्यावरच निर्णय करावा, एवढीच आमची सभासदांस विनंती आहे.