मिशमीच्या डोंगरातले दोन पार्टनर

प्रोजेक्टचा पार्टनर आपण कसा निवडतो? रूममेट म्हणून, नाहीतर रोल नंबर शेजारचा म्हणून. म्हणूनच डॉ. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले ही जोडी मला अभ्यासण्यासारखी वाटते.

दोघांच्या वयात सतरा वर्षांचं अंतर. सालिम अली मुंबईचे. पदवी नाही म्हणून सरकारी नोकरी हुकली. पुढे म्युझियममधली गाईड-लेक्चररची जागाही पैशाअभावी रद्द झाली. मग १९३० साली हा माणूस किहीमला जाऊन राहिला आणि सुगरणीची घरटी तासन्‌तास बघत बसला! (राहनाळहून किहीम एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, पण आपण जातो ते बीचसाठी.) रिप्ले येल आणि हार्वर्डमध्ये शिकलेले, तेराव्या वर्षीच बहिणीबरोबर लडाखची पायपीट करून गेलेले.

१९४६-४७ मध्ये दोघे मिळून मिशमी टेकड्यांत, म्हणजे आजच्या अरुणाचलात शिरले. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीने व्हायचा. पक्षी मारायचा, कातडं सोलायचं, आत कापूस भरायचा, पायाला ठिकाण-तारखेची चिठ्ठी बांधायची. ऐकायला क्रूर वाटतं, पण पुरावा तोच होता. रिप्लेंचं मन अशा नमुन्यांत आणि वर्गीकरणात रमायचं. सालिम अलींना नावांच्या काथ्याकुटाचा कंटाळा. त्यांना हवा जिवंत पक्षी, त्याच्या झाडावर बसलेला.

खरी परीक्षा पुढे होती. रिप्लेंनी महायुद्धात अमेरिकी गुप्तहेर खात्यात काम केलेलं. साठच्या दशकात पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला अमेरिकी सैन्याचा पैसा मिळाला आणि ओरड झाली, की हे जंतुयुद्धासाठी तर नाही ना? संशय अगदीच हवेतला होता असं मी म्हणणार नाही. पण मैत्री तुटली नाही. १९६८ ते १९७४ या काळात भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचं त्यांचं 'हँडबुक' दहा खंडांत निघालं. शेवटचा खंड आला तेव्हा सालिम अलींनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

मग नमुना मोठा की जिवंत पक्षी? २००९ मध्ये अरुणाचलात संशोधकांच्या लक्षात आलं, की एकच समजल्या गेलेल्या कस्तुर जातीचे पक्षी दोन तऱ्हेनं गातात. उंच उघड्या माळावरच्याचं गाणं कर्कश, खालच्या जंगलातल्याचं गोड. पेटीतल्या कातड्यांवरून हे कळणार कसं? पण खात्री करायला पुन्हा म्युझियममधल्या त्याच जुन्या कातड्यांची मोजमापं घ्यावी लागली, डीएनए तपासावा लागला. २०१६ साली जंगलातल्या कस्तुराला वेगळी जात म्हणून नाव मिळालं : झूथेरा सालिमअलीआय.