एका इंचाचा नाद

पेनसिल्व्हेनियात रायफलने हरीण मारायचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. त्याआधीचे दोन महिने रेंजवर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: शंभर यार्डांवर तुझी रायफल किती इंचांत मारते? भारतात १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली. त्यामुळे माझ्यासारख्या साताऱ्याहून आलेल्याला या प्रश्नाचं उत्तर घरच्या कुणाकडून कळलेलं नसतं. दुकानदार सांगेल ते प्रमाण.

मी .३०८ विंचेस्टरची साधी बोल्ट-अ‍ॅक्शन घेतली. दुकानदाराने ती ‘एका इंचाची हमी’ म्हणून दिली. हा इंच येतो कोनावरून. अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, शंभर यार्डांवर १.०४७ इंच भरतो. बोलताना सगळे इंचच म्हणतात. दोनशेवर दोन इंच, तीनशेवर तीन. माझे पाच गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचे पुंजके, मात्र दीड ते दोन इंचांचे येत होते. मला वाटलं, सदोष माल गळ्यात मारला.

हमीचा कागद बारकाईने वाचला तेव्हा उलगडा झाला. हमी होती तीन गोळ्यांची, तीही कंपनी सांगेल त्याच महागड्या काडतुसांनी. गाडीच्या जाहिरातीतल्या मायलेजसारखंच हे: खोटं नसतं, पण आपल्या रस्त्यावरचं नसतं. गोळ्या वाढल्या की ग्रुप पसरतोच. जी रायफल तीन गोळ्यांत सरासरी एक इंच देते, ती पाच गोळ्यांत सव्वा इंचाच्या आसपास जाते आणि दहा गोळ्यांत दीडच्याही थोडी वर. यात नळीचा दोष नाही, हा संख्याशास्त्राचा हिशेब आहे. रेंजवर लोक खिशातून काढून दाखवतात तो सुंदर कागद बहुतेक वेळा निवडक असतो. बाकीचे कागद कचऱ्याच्या डब्यात गेलेले असतात.

शिवाय शिकारीच्या रायफलीची नळी बारीक असते, कारण ती घेऊन दिवसभर चालायचं असतं. लागोपाठ चार-पाच बार काढले की ती तापते आणि काही रायफलींत गोळ्या एका बाजूला सरकू लागतात. जंगलात नळी तापायची वेळच येत नाही. तिथे खरी किंमत असते थंड नळीतून सुटणाऱ्या पहिल्या गोळीला, आणि बाकावरच्या ग्रुपमध्ये ती गोळी वेगळी मोजलीच जात नाही.

आता हरणाच्या बाजूने हिशेब करा. इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा, म्हणजे मध्यापासून चार इंच. दीडशे यार्डांवर दोन मिनिटांची रायफल मध्यापासून दीड इंचाच्या आत मारते, एका मिनिटाची पाऊण इंचाच्या आत. एवढा सगळा खर्च आणि चिडचिड चालते ती या पाऊण इंचासाठी. वाळूच्या पिशव्या बाजूला सारून मी त्याच रायफलीने शंभर यार्डांवरच्या कागदी प्लेटवर उभ्याने नेम धरला, तेव्हा भोकं प्लेटच्या बाहेर पडू लागली. मांडी घालून, कोपर गुडघ्यांवर टेकवून बसलो तशी ती आत आली. रायफल तीच होती, काडतुसंही तीच.

माझ्या एका सहकाऱ्याकडे वडिलांची जुनी .३०-३० लिव्हर-अ‍ॅक्शन आहे. तिचा ग्रुप तीन इंचांचा; दुकानात ती कुणी हातात घेणार नाही. पण तो शंभर यार्डांपलीकडे बार काढत नाही आणि झाडाला टेकल्याशिवाय तर नाहीच. त्याचा फ्रीझर दर हिवाळ्यात भरलेला असतो.

तेव्हा नवी रायफल दीड-दोन इंच देत असेल तर ती चांगली आहे, तिला छळू नका. तीन-चार इंचांवर गेली तर आधी स्कोपच्या माउंटचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासा, लाकूड नळीला कुठे घासतंय का पाहा, मग दोन-तीन वेगळ्या वजनांच्या गोळ्या मारून बघा. एकाच नळीला १५० ग्रेनची गोळी मानवते आणि १८० ची नाही, असं खूपदा होतं. एवढं करूनही फरक पडला नाही, तर खुशाल दुकानात परत न्या.

नंतर एक कागद वेगळा ठेवा. रेंजवर गेल्यावर दर वेळी पहिली, थंड नळीची गोळी त्याच कागदावर मारा. महिन्याभराने तो कागद तुम्हाला तुमच्या रायफलीबद्दल हमीपत्रापेक्षा जास्त सांगेल. उरलेली काडतुसं बसून, गुडघा टेकून, काठ्यांच्या आधाराने कागदी प्लेटवर मारा. ज्या अंतरावर गोळ्या सतत प्लेटमध्ये राहतात, तिथेच तुमची हद्द संपते. वारा असेल तर ती आणखी अलीकडे ओढा: ताशी दहा मैलांचा आडवा वारा दोनशे यार्डांवर .३०८ ची गोळी तीनेक इंच ढकलतो. आणि दोनशेवर नेम बसवलेला असेल तर तीनशेवर तीच गोळी आठेक इंच खाली जाते; तिथे पाऊण इंचाची बढाई काही कामाची नाही.

माझी हद्द सध्या दीडशे यार्ड आहे, तीही बसून आणि वारा नसताना. तुमची किती, हे शनिवार उजाडण्याआधी मोजून ठेवा. पोटात गोळी लागलेलं हरीण अंधार पडेपर्यंत शोधत फिरायची वेळ कुणावर येऊ नये.