खिडकीसमोरची बाग

(औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, एके काळी उर्दू भाषेच्या कामाचे मोठे केंद्र होते. त्या काळातील एका लेखकाची आणि एका माळ्याची ही हकिकत आहे.)

बीबीचा मकबरा तुम्ही पाहिला असेल. निदान त्याचे चित्र तरी पाहिले असेल. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू, म्हणजेच राबिया-उद्-दौरानी, हिच्या स्मरणार्थ तिचा मुलगा आजमशाह याने सतराव्या शतकात ही इमारत बांधली. अताउल्ला हे तिचे शिल्पकार आणि हंसपतराय हे बांधकामाचे जाणकार. लोक येतात, घुमट पाहतात, ताजमहालाशी तुलना करतात आणि निघून जातात. तुलना करण्याच्या नादात मकबरा पाहायचाच राहून जातो! आज आपण मात्र घुमटाकडे नव्हे, बागेकडे पाहणार आहोत.

या बागेच्या आवारात एक बंगला होता. त्यात मौलवी अब्दुल हक राहत असत. उर्दू जगत त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखते. त्यांचा जन्म उत्तर प्रदेशातील हापूडचा आणि शिक्षण अलीगढचे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात ते शिक्षण खात्यात नोकरीला होते. त्या निमित्ताने ते औरंगाबादला आले. १९१२ साली ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे ते चिटणीस झाले. संस्थेची मालमत्ता म्हणून त्यांच्या हाती काय आले? एक जुनी पेटी आणि तिच्यातले थोडेसे कागद, असे सांगतात. एवढ्या भांडवलावर त्यांनी काम सुरू केले. ‘उर्दू’ नावाचे त्रैमासिक १९२१ साली औरंगाबादहून निघू लागले. जुनी दखनी हस्तलिखिते शोधून, तपासून त्यांनी ती छापली. वजहीचा ‘सबरस’ हा ग्रंथ त्यांनीच वाचकांसमोर आणला. १९३७ साली अंजुमनचा मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश छापला गेला, तोही औरंगाबादच्याच छापखान्यात.

मराठी शिकणाऱ्या तुम्हांला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठी भाषेवर फारसीचा परिणाम कसा झाला, यावरही मौलवीसाहेबांनी लिहिले आहे. दप्तर, कागद, शाई, दौत, मेज, खुर्ची, दरवाजा, इमारत, बाग... हे शब्द मराठीत तुम्हांला परके वाटतात का? कागज आणि कागद, स्याही आणि शाई यांत फरक तो केवढा! लेखकाच्या खोलीतल्या बहुतेक वस्तूंची नावे दोन्ही भाषांत सारखीच आहेत.

मौलवीसाहेबांच्या खोलीत मेजासमोर एक मोठी खिडकी होती. खिडकीतून बाग दिसे. लिहिता लिहिता ते मान वर करून पाहत, तेव्हा त्यांना एक माणूस दिसे. त्याचे नाव नामदेव.

नामदेव या बागेचे माळी. बागेची देखरेख मौलवीसाहेबांकडे होती. बंगल्यासमोरचा बगीचा करण्याचे काम त्यांनी नामदेवांवर सोपवले. नामदेव एखाद्या रोपापुढे बसत, आळे साफ करीत, पाणी घालीत. मग थोडे मागे सरून रोपाकडे बघत आणि स्वतःशीच हसत. ते हसताना पाहून आत लिहीत बसलेल्या माणसाचा हात थांबत असे. एखाद्या रोपाला कीड लागली, की नामदेवांना चैन पडत नसे. ते औषध आणीत आणि रोप बरे होईपर्यंत त्याची शुश्रूषा करीत. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. झाडे हीच त्यांची मुले होती. वनस्पतींची त्यांना चांगली माहिती होती. आजारी मुलांना ते झाडपाल्याचे औषध देत आणि कोणाकडूनही पैसे घेत नसत.

एका वर्षी पाऊस फार कमी झाला. विहिरी आटल्या. बागा करपू लागल्या. नामदेव मात्र लांबून, मिळेल तेथून पाणी आणीत राहिले. दिवस पुरेना, तेव्हा रात्रीही ते पाणी वाहू लागले. पाणी तरी कसले? त्यात अर्धा चिखलच असे. पण त्या पाण्यावर झाडे जगली. मौलवीसाहेबांनी त्यांना बक्षीस देऊ केले. नामदेवांनी ते घेतले नाही. आपली मुले वाढवण्याबद्दल कोणी बक्षीस घेते का, असे त्यांचे म्हणणे होते.

नामदेव ज्या समाजात जन्मले, त्या समाजाला त्या काळी लोक अस्पृश्य मानीत. विहिरीवर, देवळात, रस्त्यावर त्या समाजातील माणसांना अपमान सोसावा लागे. ज्या हातांचे पाणी अनेकांना चालत नव्हते, त्याच हातांनी त्या दुष्काळात एक बाग जगवली. मौलवीसाहेबांनी ही जातीची गोष्ट लपवली नाही. चांगुलपणा ही कोणत्याही जातीची मिरास नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते.

पुढे निजाम सरकारने औरंगाबादच्या शाही बागेचे काम हाती घेतले. शिक्षण खात्याचे प्रमुख डॉ. सिराजुल हसन यांनी नामदेवांना तेथे नेले. तेथे परदेशांतून आलेले माळीही होते. नामदेवांनी बागकामाचे शिक्षण घेतलेले नव्हते. पण ते कोणाकडे न पाहता आपल्या कामात गढलेले असत.

एके दिवशी बागेत मधमाश्यांचे मोहोळ उठले. सगळे माळी पळाले. नामदेव खाली मान घालून काम करीत होते. त्यांना काही कळलेच नाही. मधमाश्यांनी त्यांना इतके दंश केले, की त्यातच त्यांचा अंत झाला.

१९३८ च्या सुमारास अंजुमनची कचेरी दिल्लीला गेली. मौलवीसाहेब फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९६१ साली कराचीत वारले. त्यांच्या ‘चंद हमअसर’ या पुस्तकात हाली, मौलाना मुहम्मद अली अशा नामवंतांवर लेख आहेत. त्याच पुस्तकात ‘नामदेव माळी’ हाही लेख आहे.

शब्दार्थ
चिटणीस – संस्थेचा कारभार पाहणारा, सेक्रेटरी
आळे – झाडाभोवती पाण्यासाठी केलेला खळगा
शुश्रूषा – सेवा, काळजी
मिरास – वारसाहक्काने मिळालेली मालमत्ता
मोहोळ – मधमाश्यांचे पोळे
गढून जाणे – पूर्णपणे मग्न होणे

स्वाध्याय
१. मौलवीसाहेबांना खिडकीतून काय दिसत असे?
२. नामदेवांनी बक्षीस का घेतले नाही?
३. पाठात आलेले, उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा. त्यांचा उच्चार दोन्ही भाषांत कसा होतो ते लिहा.
४. तुमच्या शाळेच्या किंवा मोहल्ल्याच्या बागेत काम करणाऱ्या माणसाशी बोला. त्यांच्याविषयी मराठीत दहा ओळी लिहा.