समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण आणि त्र्यंबकेश्वरचे पाडे

त्र्यंबकेश्वरचे नाव घेताच ब्रह्मगिरी, कुशावर्त आणि पौष महिन्यातील निवृत्तिनाथांची यात्रा डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु याच तालुक्यात, हरसूलच्या बाजूस, कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी यांचे पाडे विखुरलेले आहेत. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी स्त्रियांना पायपीट करावी लागते. भाताची कापणी आटोपली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांकडे मजुरीसाठी निघतात. आईबापांबरोबर मुलेही जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात.

अशा मुलीच्या घरी जाऊन नेमके काय बोलावे? उपदेश केल्यास आईबाप मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या गाडीत बसतात. प्रशिक्षित कार्यकर्ता उपदेश करीत नाही; तो विचारतो. आई मळ्यात असता तान्ह्या भावाला कोण सांभाळते? उचल किती घेतली आहे? घरी आजी राहते काय? या उत्तरांतून कधी पाळण्याची सोय पुढे येते, कधी हंगामी वसतिगृहाची. प्रत्येक घरचे उत्तर निराळे असते, म्हणूनच विचारण्याचे शास्त्र शिकावे लागते.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. योजनांची पत्रके पाड्यांवर वाटली की माहिती पोहोचली, असे त्यास बरीच वर्षे वाटत असे. एका आजीबाईंनी त्याच्यादेखतच पत्रकाची पुडी करून तीत मिरच्या बांधल्या, तेव्हा तो समज दूर झाला.

आपल्या देशात या शिक्षणाचा पाया मुंबईत घातला गेला. नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले. पुढे १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन व १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था उभी राहिली. त्र्यंबकच्या तरुणांस आज इतके दूर जाण्याचे कारण नाही. तीस किलोमीटरांच्या आत, नाशिक शहरात, मराठा विद्या प्रसारक समाजाचे समाजकार्य महाविद्यालय आहे.

कोणत्याही शाखेच्या पदवीधरास या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे वळता येते. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन व सामाजिक कृती हे त्याचे मुख्य विषय होत. तथापि या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातील साधारण दोन दिवस विद्यार्थी रुग्णालयात, वस्तीत किंवा गावात घालवितो, घडले ते लिहून काढतो आणि मार्गदर्शकापुढे ठेवतो. ‘मी समजूत घातली’ असे त्याने लिहिले, तर ‘कोणत्या शब्दांत? समोरची व्यक्ती काय म्हणाली?’ असे प्रश्न येतात. आपली घाई आणि आपले पूर्वग्रह येथे कागदावर उघडे पडतात. ज्यांना हे सोसत नाही, त्यांनी या वाटेस न जावे हे बरे. दूरशिक्षणाने हीच पदवी देणाऱ्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानेही क्षेत्रकार्य सक्तीचे ठेवले आहे.

पदवीनंतर काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कल्याण अधिकारी आवश्यक केला आणि तेव्हापासून औद्योगिक क्षेत्राचे दालन खुले झाले. रुग्णालये, कुटुंब न्यायालये, बालसंरक्षण कक्ष आणि स्वयंसेवी संस्था यांतही वाव आहे. मात्र अनेक जागा कंत्राटी असतात व वेतन बेताचे असते, हे आधीच सांगितलेले बरे. अनुसूचित जमातीच्या पात्र विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते.

पाड्यावर विद्यार्थी यावेत असे ज्या ग्रामपंचायतींना वाटते, त्यांनी महाविद्यालयाच्या क्षेत्रकार्य विभागाशी पत्रव्यवहार करावा. पत्रात पाड्यांची नावे, एस.टी.च्या वेळा, मुक्कामाची सोय आणि कोणती कुटुंबे कोणत्या महिन्यात स्थलांतर करतात याचा उल्लेख असावा. दिवाळीपूर्वी पत्र गेलेले चांगले; त्यानंतर पाड्यांवर भेटावयास म्हातारी माणसेच तेवढी उरतात.