रात्री जेवली होती का पोर?

लहान मुलाला पहाटे आपल्याबरोबर फिरायला न्यायचं की नाही, हे गजर वाजल्यावर ठरवायची गोष्टच नव्हे. पोर रात्री काय जेवलं आणि किती वाजता झोपलं, यावर ते आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. मला हे पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर कळलं. ज्या रीतीने कळलं, ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

पहाटे लेकरू बरोबर घेऊन चालायला येणाऱ्या आया हौसेने आणत नाहीत, हे आधी सांगायला हवं. गरोदरपणात माझी साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती खाली आली, पण अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा रोजचं भरभर चालणं सोडू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. नवरा चाकणला कारखान्यात. पहिली पाळी असली की तो पहाटे पाचलाच घराबाहेर पडतो. सासूबाई गावी. चार वर्षांची लेक घरात एकटी कुलपात ठेवून जाणं शक्यच नव्हतं. त्यामुळे ती माझ्याबरोबर येत होती, आणि बहुतेक दिवस मजेत येत होती. ‘कशाला त्या लेकराची झोपमोड करतेस?’ असं म्हणणारे बरेच भेटतात. तासभर तिला सांभाळतो म्हणणारं त्यांच्यातलं कुणी अजून भेटलेलं नाही. म्हणून माझा सल्ला ‘मुलांना नेऊच नका’ असा नाही. न्यायचं असेल तर कसं न्यायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

डिसेंबरातली गोष्ट. आदल्या दिवशी नात्यातलं लग्न होतं. पंगत उशिरा बसली, चारच्या सुमारास लेकीने थोडा मसालेभात आणि जिलबी खाल्ली. रात्री परतताना ती रिक्षातच झोपली. झोपलेलं पोर उठवून त्याला भरवणं जिवावर येतं, तशीच गादीवर निजवली. सकाळी सहाला ती आपणहून उठली, दूध नको म्हणाली, आणि आम्ही निघालो.

टेकडीवरच्या पाचगाव-पर्वती वनविहारातली वाट तिच्या पायाखालची. मोर ओरडला की एरवी ती जागच्या जागी थांबते आणि कोणत्या बाजूने आवाज आला ते बोटाने दाखवते. त्या दिवशी मोर ओरडला, तिने मान वर केली नाही. ‘आई, उचल’ एवढंच म्हणाली आणि ग्लिरिसिडियाच्या झाडाखाली खाली बसली. मुलं हट्टाने बसतात तेव्हा रडणं असतं, पाय आपटणं असतं. इथे आवाजच नव्हता. हात धरला तर गार आणि ओलसर. एवढ्या थंडीत कपाळावर घाम. ओठ पांढरट पडलेले. काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागत होता आणि डोळे सारखे मिटत होते. मग एक फेसाळ, पाण्यासारखी उलटी झाली.

रोज त्याच वाटेवर भेटणाऱ्या एक आजी आमच्याजवळ थांबल्या. त्या स्वतः इन्सुलिन घेतात, त्यामुळे साखर उतरली की माणूस कसं दिसतं हे त्यांना ठाऊक. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘रात्री जेवली होती का पोर?’ मी नाही म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून ग्लुकोजची पुडी काढली. पण ती लगेच तोंडात ओतली नाही. आधी लेकीला नावाने हाका मारून नीट बसवलं, साध्या पाण्याचा एक घोट दिला, ती तो व्यवस्थित गिळते आहे हे पाहिलं, आणि मगच बाटलीच्या टोपणात ग्लुकोज कालवून घोट घोट पाजलं. मूल शुद्धीत नसेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. अशा वेळी त्याला कुशीवर निजवायचं आणि १०८ला फोन लावायचा. त्या आजींनी हे सगळं हात चालवता चालवता मला सांगितलं. दहा-पंधरा मिनिटांत लेकीच्या गालांवर रंग आला आणि ‘मोर कुठे गेला?’ असं तिने विचारलं. मला तिथेच रडू फुटलं.

तिथून तडक बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि सगळा हिशेब मांडून दाखवला. दुपारी चारला खाल्लं, सकाळी साडेसहाला टेकडी चढायला लागली: साडेचौदा तासांचा उपास, आणि त्यावर मेहनत. आपण मोठी माणसं एकादशी करून दिवसभर हिंडतो, कारण यकृतात साठवलेली साखर आपल्याला पुरते. लहान मुलाचं यकृत लहान, साठा थोडा, आणि मेंदूला मात्र त्याच्या वजनाच्या मानाने पुष्कळ साखर लागते. साठा संपला की शरीर चरबी जाळायला घेतं, कीटोन वाढतात, त्याने मळमळतं, उलटी होते. उलटीमुळे खाणं आणखी लांबतं. साधारण दीड ते पाच वर्षांच्या मुलांत, विशेषतः अंगाने बारीक असलेल्यांत, हा प्रकार रात्रीचं जेवण चुकल्यावर किंवा आजारपणात दिसतो. मोठं होता होता बहुतेकांचा तो आपोआप थांबतो. पण पुन्हा झालं तर तपासण्या कराव्या लागतील, असंही त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे. लेक रात्री पोटभर जेवली नसेल, तर सकाळी टेकडी नाही. ताप, जुलाब, उलटी यांतलं काही आदल्या दिवशी होऊन गेलं असेल, तरीही नाही. आणि जेवली असली तरी निघण्याआधी अर्धं केळं, चार घास पोळी किंवा कपभर दूध पोटात गेल्याशिवाय पायात बूट चढत नाहीत. ‘परत आल्यावर नाश्ता करू’ हे मोठ्यांचं वेळापत्रक झालं. माझ्या पिशवीत आता ग्लुकोजची पुडी आणि राजगिऱ्याचा लाडू कायम असतो.

झोपेचं गणितही असंच रात्रीच्या घड्याळावर मांडावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप हवी असं म्हटलं आहे. दुपारची डुलकी त्यातच धरायची. आता हिशेब करा. मूल दुपारी तासभर झोपत असेल आणि त्याला पहाटे साडेपाचला उठवायचं असेल, तर किमान झोप भरायलाही ते रात्री साडेआठला गाढ झोपलेलं हवं. आपल्याकडे किती घरांत साडेआठला दिवे मालवतात? बाबा कामावरून येतात नवाला, मग जेवणं, मग टीव्ही. अशा घरातलं मूल पहाटे उठवणं म्हणजे रोज तासा-दोन तासांची झोप कापून घेणं. ते भरून निघत नाही. पोर दिवसभर किरकिर करतं, बालवाडीत पेंगतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

म्हणून गाढ झोपेतल्या लेकीला मी उठवत नाही. उठली तर बरोबर घेते, नाही उठली तर मी घरातच सूर्यनमस्कार घालते, किंवा दार उघडं ठेवून आमच्याच मजल्यावर येरझाऱ्या घालते. पहाटेच्या वेळेचं आपल्याकडे फार कौतुक आहे, पण पुण्यात जानेवारीत सूर्यच सातच्या पुढे उगवतो. तेव्हा हिवाळ्यात उजाडल्यावर निघण्याने काही बिघडत नाही. उलट बरंच होतं. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, धूर वर न जाता खालीच साचून राहतो, त्यात कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला असतो. मूल तर उंचीने गाड्यांच्या धुराच्या नळकांड्याजवळच चालत असतं. ऊन वर आलं की हवा हलायला लागते. दम्याचा किंवा वरचेवर खोकल्याचा त्रास असलेल्या मुलांच्या आईबापांनी तर उजाडण्याआधी त्यांना घेऊन रस्त्याकडेने चालूच नये.

थंडीची आणखी एक गोष्ट. मूल कडेवर किंवा बाबागाडीत असतं तेव्हा चालणारे आपण असतो; आपल्याला घाम फुटतो आणि आपल्या अंगावरून आपण हवेचा अंदाज घेतो. मूल मात्र बसून असतं आणि त्याचं लहान अंग लवकर गार पडतं. दर थोड्या वेळाने मुलाच्या मानेमागे कपड्याच्या आत हात घालून पाहावं, तिथे गार लागलं तर परत फिरावं. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातले तर मूल पळायला लागलं की एक काढता येतो.

टेकडीच्या पायथ्यापर्यंत पोचायचं कसं, याचा विचार फार थोडे लोक करतात. पुण्यात लेकराला स्कूटरवर पुढे उभं करायची सवय आहे. पहाटे रस्ते मोकळे म्हणून गाडी जोरात, आणि पुढे उभं असलेलं मूल अर्धवट झोपेत. हँडलवर डोकं टेकवून पेंगणारी पोरं मी पाहिली आहेत, काळजात धस्स होतं. १५ फेब्रुवारी २०२३पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमाप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा हवा, त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. आम्ही आता चालतच जातो, तेवढंच माझं चालणं होतं.

पण खरी अडचण निराळीच आहे. मुलाचं चालणं आणि आपलं चालणं यांचा मेळ बसत नाही. मला घाम येईल इतकं भरभर चालायचं असतं. तिला मुंग्यांची रांग कुठवर जाते ते बघायचं असतं. मी ओढत नेलं तर ती रडते, मी थांबले तर माझा व्यायाम होत नाही, आणि कडेवर घेतलं तर कमरेची वाट लागते. यावर आम्ही वाटेवर ओळख झालेल्या आयांनी मिळून उपाय काढला. भिशीत जशी पाळी लागते, तशी आमची पाळी असते. एक जण मुलांजवळ थांबते, बाकीच्या भरभर फेरी मारून येतात, मग दुसरी थांबते. मुलं एका जागी काटक्या-दगड गोळा करत खेळतात, तिथेच पळतात, तिथेच खातात. ज्यांना अशी सोबत मिळत नाही त्यांनी निदान वेळ वाटून घ्यावा: आधी मुलाच्या चालीने, मग त्याला कुणाच्या तरी नजरेसमोर बसवून आपल्या चालीने. दोन्ही एकदम साधायला गेलं की दोन्ही फसतात.

आणि कृपा करून मुलाला आपल्याबरोबर ‘फेरी पूर्ण कर’ म्हणून पळवू नका. टेकडीवर असे बाबा दिसतात, हातात घड्याळ, पुढे धापा टाकणारं पोर, आणि बघणारे टाळ्या वाजवतात. ओडिशातला बुधिया सिंग २००६ साली, जेमतेम चार वर्षांचा असताना, पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर धावला. शेवटी तो कोसळला, तेव्हाही रस्त्याच्या दुतर्फा कौतुक करणारी माणसं उभी होती. नंतर सरकारला त्याचं पळणं थांबवावं लागलं. एवढ्या वयात खेळता खेळता दिवसभर विखुरलेली तीन तासांची हालचाल पुरेशी असते. दमलं की मूल आपणहून बसतं, त्याला बसू द्यावं.

ओपन जिमपाशीही जपायला हवं. ती यंत्रं मोठ्यांच्या मापाची असतात. आई पाय मागेपुढे झुलवते आहे आणि शेजारच्या दांड्याच्या सांध्यात पोराचं बोट, हे मी अगदी वेळेवर पाहून ओरडले आहे. झुलणारा लोखंडी पाय उभ्या मुलाच्या बरोबर डोक्याशी येतो. तिथे व्यायाम करायचा तर मूल दुसऱ्या कुणाच्या हाताशी हवं.

कुत्र्यांची भीती तर पहाटे सगळ्यात जास्त. रस्ते सुनसान असतात, कुत्री टोळीने असतात, आणि पळणारं मूल दिसलं की ती मागे लागतात. माझ्या लेकीला एवढंच शिकवलं आहे: पळायचं नाही, ओरडायचं नाही, आईच्या मागे येऊन झाडासारखं उभं राहायचं. चावलं किंवा नुसता ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमचं इंजेक्शनही लागतं, ते आपण होऊन विचारावं. मुलं ओरखडा लपवतात, म्हणून परत आल्यावर हातपाय धुताना एकदा नीट पाहून घ्यावं.

पावसाळ्यात आम्ही टेकडी बंद ठेवतो. पायवाटा निसरड्या होतात, गवत गुडघाभर वाढतं आणि त्यात घोणस असली तरी दिसत नाही. त्या महिन्यांत आमची पाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालते, मुलं जिन्याखाली खेळतात, आणि ज्या आईची थांबायची पाळी असेल तिने सगळ्यांसाठी केळी आणायची, असं ठरलेलं आहे.